हे औषध कुणासाठी?

लेक चार महिन्यांची असताना द्रव्यगुणाच्या एम.डी.ला माझा नंबर लागला. प्रवेशपरीक्षा दिली तेव्हा ती पोटात होती. निकाल लागला तेव्हा ती पालथी पडायला शिकत होती. जवळच्या बऱ्याच जणांनी सांगितलं, दोनेक वर्षं थांब, सीट काय नंतरही मिळेल. मला ते पटलं नाही. थांबलेली बाई पुन्हा अभ्यासाला बसते तेव्हा घराची तिच्याशिवाय चालायची सवय मोडलेली असते, हे मी माझ्याच घरातल्या हुशार बायकांच्या बाबतीत पाहिलं होतं. नवऱ्याने एका वाक्यात प्रश्न सोडवला, ‘तू जा, रात्रीची पाळी माझी.’ सासूबाई चिपळूणहून पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या. येताना कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली बाळगुटी घेऊन आल्या. सहाणही होती, त्यांच्या सासूबाईंची, मधोमध झिजून खोलगट झालेली.

द्रव्यगुण शिकते म्हटलं की लोकांना वाटतं, ही आजीबाईचा बटवा शिकते. बटवा त्यात आहेच, पण अभ्यासाचा मोठा भाग वेगळा असतो. एखाद्या द्रव्याचा रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव तपासायचे. भावमिश्राच्या निघंटूत एका वनस्पतीला दिलेली पाच-सात नावं आज नेमक्या कोणत्या झाडाची, हे ठरवायचं. सालीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या, राखेचं प्रमाण काढायचं. बाजारात ‘ब्राह्मी’ मागितली तर एक दुकानदार ओलसर जागी पसरणारी, बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी देतो आणि दुसरा गोल पानांची मंडूकपर्णी. पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभी असलेली ‘अशोका’ची झाडं औषधातला अशोक नव्हेत. औषधातला सीता अशोक वेगळा, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. आधी ओळख, मग उपयोग, हा या विषयाचा पहिला धडा.

घरी त्या वेळी ओळखीचा दुसराच अभ्यास चालू होता. ही भुकेने रडते की झोपेने? पोट दुखतंय की नुसतं कडेवर घ्यायला हवंय? कॉलेजात पाळणाघर नव्हतं. सकाळी दूध काढून ठेवायचं, ओपीडी आणि लेक्चर करायची, दुपारी धावत घरी यायचं, पुन्हा प्रयोगशाळेत जायचं. वाचन पहाटे, ती उठायच्या आत. रोजच्या या ओढाताणीबद्दल जास्त लिहीत नाही. शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येक आईला ती पाठ आहे. मला सांगायचंय ते या दोन अभ्यासांनी एकमेकांना काय शिकवलं त्याबद्दल.

पहिला पेच बाळगुटीचा. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे. सासूबाईंचं म्हणणं होतं, ‘माझी तिन्ही पोरं गुटीवरच वाढली ना?’ दोघांच्या मध्ये मी होते, आणि माझ्या हातात आयुर्वेदाची पदवी होती. मी कोणाची बाजू घेते, इकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

मी काश्यपसंहिता काढून बसले. कौमारभृत्याचा, म्हणजे आयुर्वेदातल्या बालरोगशास्त्राचा, हा जुना ग्रंथ नेपाळात अपुऱ्या हस्तलिखिताच्या रूपात सापडला. पंडित हेमराज शर्मा यांच्या परिश्रमातून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. बी.ए.एम.एस.ला तो परीक्षेपुरता वाचला होता. आता मांडीवर लेक घेऊन वाचताना त्यातला लेहाध्याय निराळाच वाटला. लेह म्हणजे चाटण. ते कुणाला द्यावं यासोबतच कुणाला देऊ नये, याची चांगली लांब यादी तिथे आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला औषधाची मात्रा वावडिंगाच्या फळाएवढी. पुढे महिन्यामहिन्याने ती वाढवायची, पण आवळ्याच्या पलीकडे कधीही न्यायची नाही. वावडिंग मिऱ्याहूनही लहान असतं. मी सासूबाईंच्या डब्यातला एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, ‘आई, ग्रंथात एवढंच सांगितलंय.’ त्या बराच वेळ दाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या आत्याबाई बोटभर चाटवायच्या.’

त्याच ग्रंथात औषध मध-तुपातून द्यायला सांगितलंय, हेही मी त्यांना सांगितलं आणि ते आपण का करायचं नाही हेही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. तान्ह्या मुलांचा हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. ग्रंथकाराला तो माहीत असणं शक्यच नव्हतं, पण मला तो माहीत होता. जुन्या ग्रंथावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्यातलं काय आज चालणार नाही हे सांगणं मला माझं काम वाटतं. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं, सहाण धुऊन ठेवते. सातव्या महिन्यात बघू.’

मधल्या काळात आम्ही दोघींनी एक काम केलं आणि ते मला माझ्या सगळ्या प्रयोगांहून जास्त प्रिय आहे. गुटीचं माप वळशांत सांगतात: हळकुंडाचे दोन, मुरडशेंगेचा एक, बाळहिरड्याचे दोन, अतिविषाचा अर्धा. हा वळसा म्हणजे नेमकं किती? दुपारी लेक झोपली की मी खाली बसकर घालायचे. सासूबाई सहाणेवर थोडं पाणी घेत, मुरडशेंग दोन बोटांत धरत आणि एकच वळसा देत. मनगट जवळजवळ हलत नसे, फक्त बोटं फिरत. पाण्यात तपकिरी रेघ उमटायची. मी ती पाण्याने धुऊन काचेच्या वाटीत घ्यायचे, सुकवायचे आणि विभागातल्या तराजूवर तोलायचे. मग तेच द्रव्य मी उगाळायचे.

फरक मोठा होता. माझा हात जड, माझ्या वळशात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त द्रव्य उतरायचं. हळकुंड टणक, ते कमी उतरे. ज्येष्ठमध मऊ, ते जास्त. नवी खरखरीत सहाण घेतली की सगळेच आकडे बदलायचे. म्हणजे एका घरातले दोन वळसे आणि शेजारच्या घरातले दोन वळसे या दोन वेगळ्या मात्रा होत्या. सासूबाईंच्या हलक्या हातात, त्यांच्या झिजून गुळगुळीत झालेल्या सहाणेत पिढ्यांची सावधगिरी होती. पुस्तकातून किंवा मोबाइलवरून गुटीची यादी उतरवून घेणाऱ्या नव्या आईकडे यादी जाते, हात जात नाही. घरगुती औषधांबाबत आज मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांना यादी दाखवून, उकळून गार केलेल्या पाण्यात, मोजकी द्रव्यं सुरू केली. वेखंड वगळलं, कारण त्यातल्या बीटा-ॲसरोन या घटकाबद्दल गंभीर शंका आहेत. अमेरिकेने वेखंडाला खाद्यपदार्थांत १९६८ मध्येच बंदी घातली. जायफळही वगळलं. सासूबाईंनी त्यावर वाद घातला नाही. किडलेली द्रव्यं त्या स्वतःच वास घेऊन बाजूला काढत. एवढंच म्हणाल्या, ‘जायफळ नको म्हणतेस, मग रात्री जागशील.’

त्यांचं म्हणणं खरं झालं. पहिल्या वर्षाची परीक्षा आली तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती. सासूबाई गावी गेल्या होत्या. पेपरच्या आदल्या रात्री ती झोपेना. घेतलं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘अगं, जायफळ उगाळून चाटव. ढाराढूर झोपेल आणि तुझा अभ्यासही होईल.’ त्या मायेनेच सांगत होत्या. त्यांनी त्यांच्या मुलांना चाटवलं होतं. जायफळ घरात होतं, सहाणही होती.

मी ओट्यापाशी उभी राहिले. जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त मात्रेत मेंदूवर काय करतं, हे मी नुकतंच लिहून काढलं होतं. पण त्या क्षणी मला अडवलं ते त्या माहितीने नाही. मनात एक साधा प्रश्न आला, हे औषध कुणासाठी? तिला काही होतंय म्हणून, की मला झोप हवीये म्हणून? उत्तर स्पष्ट होतं. झोप मला हवी होती आणि औषध तिच्या तोंडात जाणार होतं.

मग मी परत खोलीत आले आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ती डोकं एका बाजूला झटकत होती आणि हात पुन्हा पुन्हा उजव्या कानाकडे जात होता. काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा एक अध्याय आहे. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना कशावरून ओळखायची, एवढाच त्याचा विषय. डोकं दुखत असेल तर मूल डोकं फार हलवतं आणि डोळे मिटून घेतं. पोटात दुखत असेल तर दूध सोडतं, उताणं पडून रडतं, पोट ताठरतं. कान दुखत असेल तर हाताने कानाला स्पर्श करतं, डोकं फिरवतं, त्याला चैन पडत नाही, खाणं नको होतं, झोप लागत नाही. मी हा अध्याय गुणांसाठी पाठ केला होता आणि आता तो माझ्या अंथरुणावर रडत होता. अंग तापलं होतं. आम्ही कानात तेल घातलं नाही, काहीच घातलं नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजनानुसार सांगितलेलं तापाचं औषध दिलं आणि तिला उभं धरून बसलो. सकाळी मी पेपरला गेले आणि नवरा तिला घेऊन दवाखान्यात. मधल्या कानाला संसर्ग झाला होता.

जायफळाने ती झोपली असती. कान दुखत राहिला असता आणि आम्हाला कळलं नसतं. मूल रडतं तेव्हा ते आपल्याला माहिती देत असतं. ती माहिती बंद करणारं औषध घरात सहज मिळतं, म्हणून ते सौम्य ठरत नाही. दमलेली आई आणि गुंगी आणणारं द्रव्य एकाच स्वयंपाकघरात असतात, तेव्हा तो एक प्रश्न विचारणं हाच खरा उपचार असतो. यात मी कोणत्याही आईला दोष देत नाही. तिला झोप मिळावी यासाठी दुसरं कोणीतरी जागायला हवं. माझ्या घरी जागणारं माणूस होतं. ज्या घरी ते नसतं, तिथे जायफळाची मात्रा वाढत जाते.

प्रबंधासाठी मी कुडा घेतला. अतिसारावर आयुर्वेदाचं हे मुख्य द्रव्य. कोकणात ‘कुड्याचं पाळ’ म्हणजे त्याचं मूळ घरोघरी माहीत असतं. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली मिळते. ती ओळखायची कशी, हा माझा विषय होता. झाडावर ओळख सोपी. दोन्हींना शेंगा जोडीने येतात, पण पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी सुट्या असतात आणि काळ्या कुड्याच्या टोकाशी चिकटलेल्या. साल सुकून तुकडे झाले की मात्र छेदच घ्यावा लागतो. नमुने गोळा करायला मी चिपळूणला जायचे, लेकीला घेऊन. ती आजीच्या कडेवरून कुंभार्ली घाटाखालची झाडं पाहायची. सुकलेली शेंग उकलली की रेशमी झुपक्यांच्या बिया वाऱ्यावर निघत आणि ती ‘म्हातारी, म्हातारी’ करत मागे धावे. माझ्या हर्बेरियमच्या टीपकागदांत तिने लपवलेली पानं मला महिनोन्‌महिने सापडत होती. ओळख पटवून घेण्यासाठी मी नमुने पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत घेऊन गेले. त्या गठ्ठ्यात सासूबाईंनी दाखवलेल्या झाडांचे नमुनेही होते. त्यांनी शेंग न पाहता, सालीचा तुकडा जिभेला लावून सांगितलेली झाडं बरोबर निघाली. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव मी मार्गदर्शकांच्या लगोलग घातलं.

आता माझा छोटा दवाखाना आहे. तिथे येणाऱ्या आया बहुधा काहीतरी घरी करून आलेल्या असतात आणि सांगायला बिचकतात. ‘रागावू नका मॅडम, पण...’ इथून सुरुवात होते. मी रागावत नाही. घरी काही केलंय म्हणजे मुलाकडे लक्ष आहे. एकदा एक आई जुलाबाने मलूल झालेलं बाळ घेऊन आली. दोन दिवस ती कुड्याचं पाळ देत होती. द्रव्य बरोबर होतं, माझ्या प्रबंधातलंच होतं. पण बाळाचे डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते, लघवी सकाळपासून नव्हती. त्या घडीला बाळाला कुड्याआधी पाणी आणि मीठ हवं होतं. चमच्याचमच्याने ओआरएस सुरू करून मी त्यांना लगेच रुग्णालयात पाठवलं. बाळ सावरलं.

या ओआरएसबद्दल मी प्रत्येक आईला सांगते, कारण घरच्या घरी जीव वाचवणारा याहून मोठा उपाय मला माहीत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइन पुरत नव्हतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात विरघळवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथेही सगळं मापावर आहे. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर तेच पाणी घात करतं.

मापाइतकंच माणूसही पाहावं लागतं. अडुळशाचंच बघा. त्यातल्या वासिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, इतकं ते गुणी झाड. पण वासिसिन गर्भाशयाचं आकुंचन करू शकतं. म्हणून खोकला झालेली गरोदर बाई परसातल्या अडुळशाचा काढा घेऊ का विचारते, तेव्हा मी नाही म्हणते आणि का नाही तेही सांगते. तिच्या आईला ज्याने गुण आला, ते तिला या नऊ महिन्यांत चालणार नाही. झाड तेच असतं, माणूस बदललेलं असतं.

लोक मला विचारतात, मूल आणि अभ्यास यांचा तोल कसा साधलास? तोल साधला, असं मला म्हणता येत नाही. काही दिवस लेकीचे गेले, काही दिवस प्रबंधाचे. पण या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात कधी उभ्या नव्हत्या. ग्रंथाने मला मात्रा सांगितली, ती जपणारा हात सासूबाईंनी दाखवला, आणि मात्रा देण्याआधी बघायचं असतं हे लेकीने शिकवलं. मूल नसतं तर मी वेदनाध्याय परीक्षेपुरताच वाचला असता. अभ्यास नसता तर त्या रात्री मी सहाण पुढे ओढली असती. नवरा जागला नसता, तर ग्रंथ आणि लेक दोन्ही असून मला काहीच सुचलं नसतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी एक वही ठेवायला सांगते. कोणतं द्रव्य, कुणाकडून घेतलं, किती दिलं, कधी दिलं, त्याआधी मूल कसं होतं आणि नंतर काय झालं. आजीला विचारून तिच्या हाताचं मापही त्यात लिहा, जमलं तर चमच्यात मोजून. कधी थांबायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं, हे पहिल्याच पानावर लिहा: बाळ दूध ओढत नसेल, अंगाला हात लावूनही जागं होत नसेल, श्वास धापेने घेत असेल, लघवी थांबली असेल. आपल्या घरांतलं औषधाचं ज्ञान बायकांनी जपलं, पण ते लिहून ठेवायची सवड त्यांना कुणी दिली नाही, म्हणून आज त्यातलं खरं कोणतं आणि ऐकीव कोणतं हे वेगळं करता येत नाही. ते काम वैद्य एकटे करू शकणार नाहीत, प्रयोगशाळाही नाही. रोज मुलाकडे पाहणाऱ्या बाईने लिहिलं, तरच ते होईल. आणि तिला लिहायला अर्धा तास मिळावा म्हणून तेवढा वेळ मूल सांभाळणं, हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे.